ट्राम, फलाट आणि फेरीबोटी: एका भुसावळकराने टिपलेली बुडापेस्ट, लिस्बन आणि इस्तंबूल

भुसावळ_जंक्शन

राम राम मंडळी. मुलगी बुडापेस्टला शिकते, त्या निमित्ताने आम्ही दोघांनी अलीकडे बुडापेस्ट, लिस्बन, पोर्तो आणि येताना इस्तंबूल अशी शहरं पाहिली. फोटो ढीगभर आहेत, त्यातले निवडक इथे टाकतोय. यात राजवाडे, चर्चची शिखरं, पुतळे फारसे सापडणार नाहीत. माझं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, वडील गार्ड होते. यार्डातल्या शंटिंगचे धक्के ऐकत आम्ही झोपायचो. त्यामुळे नवीन गावात उतरलं की माझे पाय आधी स्टेशनाकडे नाहीतर ट्रामच्या थांब्याकडे वळतात.

आणि फिरून फिरून माझं एक मत पक्कं झालंय. परदेशी शहराचे फोटो काढायचे असतील तर ते शहर जिथून रोज कामाला जातं तिथे जाऊन उभं राहावं आणि हलू नये. किल्ल्याचा, टॉवरचा फोटो आपल्याआधी लाखो लोकांनी, आपल्यापेक्षा चांगल्या उजेडात काढून ठेवलेला असतो. ट्रामच्या खिडकीला डोकं टेकून पेंगणारा माणूस मात्र त्या क्षणी आपल्याच समोर असतो.

प्रचि (प्रकाशचित्र) १: लिस्बन, २८ नंबरची ट्राम

पिवळी, एकाच डब्याची, आतून सगळी लाकडाची. या गाड्या १९३० च्या दशकातल्या आहेत, नंतर यंत्रं बदलली पण अंगकाठी तीच. रुळांची रुंदी ९०० मिलिमीटर. आल्फामा हा जुना चढउताराचा भाग, तिथल्या एका गल्लीत दोन रुळांना जागाच नाही, म्हणून एकेरी लाईन आणि दोन्ही तोंडांना सिग्नल. मी त्या सिग्नलपाशीच ठाण मांडलं. पांढरा दिवा लागला की वरून ट्राम चाकं कचकचवत उतरते, गल्लीतली माणसं पटापट दारांच्या चौकटीत अंग चोरून उभी राहतात, आणि ट्राम त्यांच्या पोटाशी वीतभर अंतर ठेवून निघून जाते. या फोटोत दारात उभ्या आजीबाई दिसतायत ना, त्यांनी हातातली पावाची पिशवी डोक्यावर धरलीये, कारण खाली धरायला जागा नव्हती. गाडी गेली, पिशवी खाली आली, आजी पुढे चालू लागल्या. चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नाही. हा फोटो मला सगळ्यात प्रिय आहे.

लिस्बनच्या उजेडाबद्दल सांगायलाच हवं. तिथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे. ऊन त्यांच्यावर पडतं आणि खालून वर उसळतं, त्यामुळे भर दुपारी टोपी घातलेल्या माणसाचाही चेहरा उजळलेला येतो. आपल्याकडे काळी माती, काळा बेसाल्ट, सगळं ऊन पिऊन टाकणारं. जळगावात दुपारी एक वाजता माणसाचा फोटो काढा, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. तिथे तसं होत नाही.

प्रचि २: पोर्तो, साओ बेंतो स्टेशन

तिकीटघराच्या दालनात चारी भिंती निळ्या-पांढऱ्या टाइल्सने मढवलेल्या. सुमारे २०,००० टाइल्स, जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं काम. लढाया, मिरवणुका, शेतीची कामं, सगळं भिंतीवर. स्टेशन १९१६ साली सुरू झालं आणि आजही तिथून लोकल सुटतात. टाइल्सवर चकाकी येते, म्हणून पोलरायझर फिल्टर लावला, तो फिरवला की चकाकी विरते आणि निळा रंग उठून दिसतो. फोनवाल्यांनी सरळ समोरून काढण्याऐवजी थोडं तिरकं उभं राहावं, बराच फरक पडतो.

प्रचि ३: बुडापेस्ट, केलेती स्टेशन

१८८४ चं. दर्शनी भागावर जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुतळे! राजा नाही, सेनापती नाही, वाफेच्या इंजिनाची माणसं. भुसावळकराने तिथे हात जोडलेच. (पुतळे फारसे नाहीत म्हणालो होतो, हे दोन मात्र सोडवेनात.)

प्रचि ४ ते ७: बुडापेस्ट, मुलांची रेल्वे

इथे जरा निवांत थांबा. बुडा बाजूच्या डोंगरात, झाडीतून जाणारी साधारण ११ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे. १९४८ साली सुरू झाली. तिकीट विकणं, ते तपासणं, सांधे बदलणं, सिग्नल देणं, गाडीला हिरवा दाखवणं, ही सगळी कामं १० ते १४ वर्षांची मुलं करतात. इंजिन तेवढं मोठी माणसं चालवतात आणि देखरेख ठेवतात. शाळेत गुण चांगले असतील तरच हे काम मिळतं.

आम्ही पोचलो तेव्हा निळा गणवेश, लाल टोपी घातलेली एक मुलगी फलाटावर उभी होती. बारा वर्षांची असेल. गाडी हलली तशी ती टाच जुळवून ताठ झाली, उजवा हात टोपीशी नेला आणि शेवटचा डबा पुढे सरकेपर्यंत तो खाली आणला नाही. मग खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. माझे वडील अगदी असंच लिहायचे. मी तिच्याबरोबरच्या मोठ्या माणसाला आणि तिला, दोघांना खुणेने विचारलं, तेव्हा प्रचि ६ मिळाला.

आणि आता रुळांची रुंदी ऐका: ७६० मिलिमीटर. आपली जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, पी.जे., ७६२ मिलिमीटर! दोनच मिलिमीटरचा फरक. पी.जे.चे ते ५६ किलोमीटर, कापसाच्या शेतांमधून रमतगमत जाणारे डबे, २०२० च्या टाळेबंदीत थांबले ते थांबलेच. त्या डोंगरात बाकावर बसल्यावर बायकोला म्हटलं, असं काही पाचोऱ्याला झालं असतं तर जामनेरच्या पोरांनी काय झोकात हिरवा झेंडा दाखवला असता!

प्रचि ८: बुडापेस्ट, २ नंबरची ट्राम

डॅन्यूबच्या काठाकाठाने, संसदेच्या अंगाला लागून जाते. शटर १/१५ सेकंद ठेवलं आणि ट्रामच्या वेगाने कॅमेरा फिरवत नेला, म्हणून ट्राम ठसठशीत आणि मागची नदी वाहून गेल्यासारखी. चांगला एखादाच येतो, बाकीचे पुसून टाकायचे.

प्रचि ९ ते १२: इस्तंबूल

गलाता पुलावर सकाळपासून गळ टाकून ओळीने उभी असलेली माणसं, एमिनोन्यूहून कादिक्यॉयला जाणारी फेरीबोट, बोटीमागे सिमित नावाच्या तिळाच्या कडबोळ्यासाठी झेपावणारे समुद्रपक्षी, आणि सिर्केजी स्टेशन. सिर्केजी १८९० चं, पॅरिसहून येणारी ओरिएंट एक्सप्रेस तिथे संपायची. गोल रंगीत काचांमधून दुपारी जमिनीवर रंग सांडतात, तिथे एक हमाल गाडा टेकवून चहा पीत होता. त्याच्या गाड्यावर लाल, निळं, पिवळं ऊन. त्याच स्टेशनाच्या पोटात, जमिनीखाली खोल, बॉस्फरसच्या तळाखालून आशियात जाणारी मार्मारायची लाईन आहे, २०१३ साली सुरू झालेली. वर शांतता, खाली लोंढा.

प्रश्न विचारा, सूचना करा, तुमचेही झब्बू (उत्तरादाखल तुमचे फोटो) येऊ द्या.

---

तापीची_लेक

काय सुंदर धागा! पावाची पिशवी डोक्यावर धरलेल्या आजी बघून आमच्या चोपड्याच्या आठवडे बाजारात एसटी शिरते ते आठवलं, तिथेही सगळे असेच टोपल्या उचलून भिंतीला चिकटतात. प्रचि ६ वर तर मी बराच वेळ अडकले होते. कॅमेरा कोणता आणि लेन्स कोणती? मी फक्त फोन वापरते, माझ्याकडून असं काही निघेल का?

---

भुसावळ_जंक्शन

@तापीची_लेक, धन्यवाद ताई. कॅमेरा साधा मिररलेस, आणि ३५ मिमीची एकच लेन्स जवळजवळ सगळ्या प्रवासात. झूम नसली की आपण पायांनी पुढेमागे होतो, आणि माणसाच्या जवळ जायचं तर त्याच्याकडे बघून हसावं लागतं, विचारावं लागतं, मग फोटोही तसाच येतो. प्रचि २ आणि ११ फोनवरचेच आहेत. फोनवर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करून ठेवा, म्हणजे ट्राम चौकटीत आली की फोन पुन्हा गोंधळ घालत नाही. तुम्ही चोपड्याच्या बाजारातली ती एसटी टिपाच, इथे हक्काने टाका.

---

अमळनेर_ते_व्हिएन्ना

मी बरीच वर्षं व्हिएन्नात आहे, मूळ अमळनेरचा. उजेडाबद्दल थोडी भर घालतो, कारण आपल्याकडून येणारे पाहुणे दरवेळी चकित होतात.

जळगाव साधारण २१ अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या जरा खाली. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गायब होते. सूर्य मावळतानाही जवळजवळ सरळ खाली उतरतो, सोनेरी ऊन आलं म्हणेपर्यंत अंधार. बुडापेस्ट, व्हिएन्ना ४७-४८ अंशांवर. इथे सूर्य तिरका घरंगळत क्षितिजाशी जातो. जूनमध्ये बुडापेस्टला सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास, त्याआधी बराच वेळ ऊन मऊ असतं आणि नंतर निळसर उजेड अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. त्या वेळात दिवेही लागलेले असतात आणि आकाशही काळं झालेलं नसतं. भुकेला म्हणावं थोडं थांब, आणि जेवण पुढे ढकलून बाहेर राहा.

उलट डिसेंबरात इथे चार वाजता सूर्यास्त. पण दिवसभर सूर्य वर चढतच नाही, म्हणून ऊन पडलं तर दुपारी बारालाही लांब सावल्या मिळतात. स्वस्तातली तिकिटं हिवाळ्यात असतात, थंडी सोसत असेल तर फोटोसाठी तो काळ वाईट नाही.

---

शेवभाजी_धुळे

भाऊ, तुना फोटू देखीसन मन भरनं! भलता भारी शेतस.

मुलांची रेल्वे हा प्रकार पहिल्यांदाच ऐकला, आमच्या पोराला वाचून दाखवलं तर तो आत्ताच निघायचं म्हणतोय. खाण्याचं काय केलंत ते लिहा ना. आम्ही दोघं शाकाहारी, त्यात माझ्या आईला रोज तिखट लागतंच.

---

भुसावळ_जंक्शन

@शेवभाजी_धुळे, घरून बिबड्या, कळण्याचं पीठ आणि दाण्याची चटणी नेली होती. बुडापेस्टला मोठा मंडईबाजार आहे, १८९७ चा, वर रंगीत कौलं, आत लोखंडी सांगाडा, एखाद्या स्टेशनसारखाच. लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या, तिखटाच्या पुड्या मांडलेल्या. गोड पाप्रिका आणि तिखट पाप्रिका वेगळी मिळते, आईंसाठी तिखट मागा. ताजी वांगीही होती. मुलीच्या खोलीवर गॅसच्या आचेवर भाजून भरीत केलं. काटक्यांच्या जाळाचा वास नव्हता, पण हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून चव जमली, आणि मुलीच्या हंगेरियन मैत्रिणीने दोनदा वाढून घेतलं.

इस्तंबूलला शाकाहाऱ्यांची चैन आहे. मसूरडाळीचं लाल सूप, वर लिंबू. आपल्या माणसाला घरचं वाटतं.

---

कळण्याची_भाकरी

फोटो उत्तम. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, ते मोकळेपणाने मांडते.

आमच्याकडे शेतकरी कुटुंबातली माणसं आयुष्यात एकदा परदेशी जातात, तेही वर्षानुवर्षं पैसे साठवून. माझे सासू-सासरे पॅरिसला गेले तेव्हा आयफेल टॉवरसमोर दोघांनी हात धरून फोटो काढला. तो फोटो लाखोंनी काढलाय हे खरं, पण त्या लाखांत माझ्या सासूबाई नऊवारीत नव्हत्या. तो फोटो आज दिवाणखान्यात आहे आणि गावातून येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबतो. स्मारकाकडे पाठ फिरवा असं सगळ्यांना सांगू नये, असं मला वाटतं.

---

खानदेशी_पावलं

+१ भाकरीताई. टूरबरोबर गेलं की बस अर्धा तास थांबते. सिग्नलपाशी ठाण मांडायला वेळ कुठून आणायचा?

---

भुसावळ_जंक्शन

@कळण्याची_भाकरी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नऊवारीतल्या सासूबाई असतील तर तो फोटो टॉवरचा राहतच नाही, तो त्यांचा होतो. मी म्हणतो ते नुसत्या इमारतींच्या फोटोंबद्दल, ज्यांत आपलं कोणी नाही आणि तिथलंही कोणी नाही. आमच्याही दोघांचा बुडापेस्टच्या साखळी पुलावरचा फोटो आहे, तो घरी फ्रेम करून लावलाय. त्या फोटोत मागून पिवळी ट्राम जाताना यावी म्हणून मुलीला थांबायला लावलं होतं, एवढं मात्र खरं.

@खानदेशी_पावलं, टूरच्या अर्ध्या तासातही जमतं. बाकीचे दुकानात शिरले की बस जिथे उभी आहे तिथलाच कोपरा धरा. थांबा, फुलवाली, वर्तमानपत्राचा ठेला, काहीतरी असतंच. मागची चौकट आधी ठरवा, आणि माणूस तिच्यात चालत येईपर्यंत थांबा. माणसाच्या मागे धावू नका.

---

तापीची_लेक

एक शंका. अनोळखी माणसांचे फोटो तिकडे काढलेले चालतात का? इथे आपण बिनधास्त काढतो, तिथे कोणी हरकत घेतली तर?

---

अमळनेर_ते_व्हिएन्ना

चांगला प्रश्न. देशागणिक नियम वेगळे. हंगेरीत २०१४ पासून लागू झालेल्या दिवाणी कायद्यानुसार, माणूस ओळखू येईल असा फोटो नुसता काढायलाही त्याची संमती लागते. गर्दीचं दृश्य असेल तर अपवाद. म्हणून धागाकर्त्यांनी त्या मुलीला आणि तिच्याबरोबरच्या मोठ्या माणसाला विचारलं ते अगदी योग्य केलं. जपानात क्योटोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांमध्ये फोटोला बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्यात. गेइशांच्या मागे पर्यटक धावायचे, त्यांच्या किमोनोला हात लावायचे, म्हणून ही वेळ आली. व्हॅटिकनला सिस्टिन चॅपलमध्ये कॅमेरा काढायचाच नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी एकच सांगतो, विचारल्याशिवाय नाही आणि नाव-गावासह आंतरजालावर तर कधीच नाही.

---

अजिंठ्याची_वाट

धागा वाचून राहवलं नाही. आपण कॅमेरा घेऊन तिकडे जातो, पण तिकडून इथे कॅमेरा घेऊन आलेला माणूस भुसावळच्याच मातीत आहे. रॉबर्ट गिल. मद्रासच्या सैन्यातला अधिकारी, १८४४ साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती रंगवायला पाठवलं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले, ते लंडनला गेले, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाले. उरलेले काही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

त्याने नंतर कॅमेरा हाती घेतला. दोन भिंगांचा, एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा घेणारा, म्हणजे खास दुर्बिणीतून बघितलं की दृश्याला खोली आल्यासारखी वाटते. अजिंठ्याची, वेरूळची, आसपासच्या देवळांची शेकडो छायाचित्रं त्याने घेतली, १८६४ साली ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा काचेवर फोटो निघायचे. आपल्या उन्हाळ्यात, लेण्यांच्या अंधारात, बैलगाडीवर काचा आणि रसायनं लादून हा माणूस फिरला. १८७९ साली वारला, थडगं भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत आहे.

जंक्शनभाऊ, तुम्ही केलेतीला वॅट आणि स्टीफन्सनला हात जोडलेत. गिलच्या थडग्याचाही एक फोटो या धाग्यात हवाच.

---

भुसावळ_जंक्शन

@अजिंठ्याची_वाट, दादा, काय आठवण करून दिलीत! लहानपणी त्या बाजूला क्रिकेट खेळायला जायचो, मोठी माणसं “गिलसाहेबाची कबर” म्हणून बोट दाखवायची. सकाळच्या तिरक्या उन्हात दगडावरची अक्षरं नीट उठतात, या रविवारी लवकर जातो आणि प्रचि टाकतो. मुलगी पुढे लंडनला जाणार आहे, तिला संग्रहालयात उरलेल्या प्रती बघून यायला सांगतो. इथली कबर आणि तिथले कॅनव्हास, दोन्ही एका धाग्यात यायला हवेत.

---

केळीबाग_रावेर

मस्त चर्चा. मी दिवाळीनंतर वडिलांना घेऊन इस्तंबूलला चाललोय. वडिलांचं वय पासष्ट, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. कमी चालण्यात जास्त काय बघता, टिपता येईल? आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकल्या तर चालतं का?

---

भुसावळ_जंक्शन

@केळीबाग_रावेर, बॅटऱ्यांचं आधी. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, मोठ्या बॅगेत चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाकिटात ठेवा.

वडिलांसाठी इस्तंबूल म्हणजे फेरीबोट. पहिल्याच दिवशी इस्तंबूलकार्ट घ्या, एकाच कार्डावर ट्राम, मेट्रो, बोट सगळं चालतं. एमिनोन्यूला बोटीत बसा, वीसेक मिनिटांत कादिक्यॉय, म्हणजे युरोपातून आशिया. वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवा, बोटीवरच चहा मिळतो, छोट्या कंबरेच्या काचेच्या पेल्यात. पक्ष्यांसाठी शटर १/१००० च्या वर ठेवा. परतीची बोट सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची धरा. सुलेमानिये मशिदीचे मिनार पश्चिमेला येतात, त्यांच्यामागे आकाश तांबडं होतं आणि चालावं काहीच लागत नाही.

इस्तंबूलचा छायाचित्रकार अरा ग्यूलर, त्याचे जुने काळेपांढरे फोटो जाण्याआधी जरूर बघा. १९२८ ते २०१८, सगळं आयुष्य त्याच शहरात. कोळी, नावाडी, धुक्यातल्या बोटी. त्याच्या नावाचं संग्रहालयही तिथे आहे. वडिलांनाही दाखवा, मग बोटीवर बसून तेच तुम्हाला सांगतील कुठे बघायचं ते.

गर्दीच्या ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आडवा. लिस्बनच्या २८ नंबरलाही हेच, तिथे तर खिसेकापूंपासून सांभाळा अशा सूचना लावलेल्या असतात. नोव्हेंबरात पावसाची सर येते, पातळ रेनकोट असू द्या, आणि ओले रस्ते मिळाले तर बिलकूल खट्टू होऊ नका, ट्रामचे दिवे त्यात फार छान उतरतात.

---

केळीबाग_रावेर

सगळं वहीत उतरवून घेतलं. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणतात बोटीचं तिकीट पहिल्या दिवशीचं आणि शेवटच्या दिवशीचंही पाहिजे. आल्यावर झब्बू टाकतो.